गुहेंतलीं मुलें आणि शाळेंतलीं मुलें

नागपुराहून हावड्याकडे जाणारी गाडी गोंदिया व आमगांव मागें टाकून पुढें निघाली, कीं दोहों अंगांचीं भातशेतें हळूहळू आवरूं लागतात आणि डोंगर जवळ येतात. तेथें सालेकसा हें स्थानक आहे. त्यापुढें दरेकसा, आणि मग छत्तीसगडची हद्द. १९९९ सालीं भंडारा जिल्ह्यांतून गोंदिया हा नवा जिल्हा निघाला, त्या जिल्ह्याच्या पूर्वेच्या कडेला हा तालुका आहे. आमच्या बहुतेक वाचकांनीं हें नांव धांवत्या गाडीच्या खिडकींतून वाचलें असेल. एवढाच त्यांचा या गांवाशीं संबंध. आमचाहि परवांपर्यंत तितकाच होता.

या महिन्यांत शाळेंतील मुलांच्या स्वास्थ्याविषयीं लिहावें असें आम्हीं योजिलें होतें. स्वास्थ्य म्हणजे अंगांत ताप नसणें एवढेंच नव्हे. पोट भरलेलें, झोंप पुरी झालेली, मन निर्भय, आणि आपलें बोलणें येथें कोणाला तरी कळतें हा विश्वास, या सर्वांस मिळून आम्ही हा शब्द वापरतों. असें मूल शिकतें आणि तसें नसलेलें मूल शिकत नाहीं, हें सांगावयास लेख कशाला हवा, असें कोणी म्हणेल. आम्हांसहि तसेंच वाटत होतें. परंतु सालेकसा तालुक्यांत कांहीं वर्षें शिक्षिका म्हणून राहिलेल्या एका स्नेही बाईंनीं आम्हांस कचारगडची कथा सांगितली, आणि जें आम्ही गृहीत धरीत होतों तें पुन्हा एकदां तपासून पाहावेंसें वाटलें.

कचारगड हें ठिकाण याच तालुक्यांत, धनेगांवाजवळच्या डोंगरांत आहे. तेथें एक फार मोठी नैसर्गिक गुहा असून माघी पौर्णिमेच्या सुमारास गोंड समाजाची यात्रा भरते. मध्यप्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशा अशा दूरदूरच्या प्रांतांतून लोक येतात. कथेचे पाठ निरनिराळे आहेत. आम्हांस कळला तो असा. कली कंकाली नांवाच्या मातेचीं तेहतीस मुलें होतीं. तीं फार दांडगीं व अनावर झालीं, म्हणून शंभूनें त्यांस या गुहेंत कोंडलें आणि दारावर प्रचंड शिळा लोटली. जंगो रायताड या मातेला त्यांची कींव आली. मुलांस सोडवावयाचें कसें, याचा पुष्कळ विचार झाला. शेवटीं हिरासुका पाटालीर नांवाचा एक वादक गुहेच्या दाराशीं गेला व त्यानें आपली किंगरी वाजविली. ते सूर ऐकून आंतल्या मुलांच्या अंगीं बळ आलें, सर्वांनीं मिळून आंतून शिळा ढकलली आणि तीं बाहेर आलीं. हिरासुका मात्र त्या शिळेखालीं सांपडून गेला. पुढें पारी कुपार लिंगो यानें या मुलांस शिकविलें, आणि त्यांनींच गोंडांचा कोया पुनेम हा धर्ममार्ग सर्वत्र नेला.

या कथेंतील क्रम लक्षांत घेण्यासारखा आहे. लिंगोनें गुहेच्या बाहेर उभें राहून आंतल्या मुलांस पाठ दिले नाहींत. आजकालच्या एखाद्या उत्साही अधिकाऱ्यानें कदाचित् तेंच केलें असतें, आणि तेहतीस मुलांची हजेरीहि मांडून वर पाठविली असती! आधीं शिळा सरली, मग शिकवणें झालें. दुसरी गोष्ट अशी कीं, शिळा बाहेरून कोणीं काढली नाहीं. मुलांनींच ती लोटली. बाहेरच्यानें काय केलें? तर तो जवळ जाऊन बसला, आणि मुलांना ऐकूं येईल असें कांहीं वाजविलें.

आमच्या पिढीचें शिक्षण याच्या उलट रीतीनें झालें. भीतीवांचून विद्या नाहीं हें आमच्या वडीलधाऱ्यांस इतकें स्वयंसिद्ध वाटे, कीं मुलाला शाळेंत घालतांना "हाडें आमचीं, कातडें तुमचें" असें मास्तरांस बजावून सांगण्यांत त्यांना कांहींच वावगें दिसत नसे. आम्ही ज्या शाळेंत शिकलों तेथें गणिताच्या तासाला पाढा चुकला कीं कान पिळून भिंतीशीं उभें करीत. एकोणतिसाचा पाढा आम्हांस अद्यापहि धड येत नाहीं. पण त्या भिंतीचा उडालेला रंग आणि तिच्यावरची एक भेग आजहि डोळ्यांपुढें आहे. भीति कांहीं शिकवीत नाहीं असें नव्हे. ती शिकवितेच, पण आपण शिकवूं तें नव्हे, तर भिंतीवरची भेग शिकविते.

"आम्ही छड्या खाऊन शिकलों आणि आमचें कांहीं बिघडलें नाहीं," हा युक्तिवाद आमच्याहि घरांत अधूनमधून ऐकूं येतो. ज्यांचें बिघडलें तीं मुलें शाळा सोडून गेलीं व बैठकींत हा युक्तिवाद करावयास उरलीं नाहींत, इतकें उत्तर पुरे. पण दूर कशाला जा? आमच्या स्वतःच्या घरीं गेल्या पावसाळ्यांत जें घडलें तें सांगितल्यावांचून पुढें लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाहीं.

आमचें घर जुन्या वळणाचें. तीन भावांचे संसार अजून एका चुलीवर चालतात. लहानमोठीं धरून चौदा माणसें. पुतण्याचा मुलगा तिसरींत शिकतो. त्याला मंगळवारीं व शुक्रवारीं सकाळीं पोटांत दुखूं लागलें. ओंवा झाला, हिंगाचा लेप झाला, डॉक्टरांनीं तपासून कांहीं नाहीं म्हणून सांगितलें. बुधवारीं हाच मुलगा अंगणांत उड्या मारीत असे. तेव्हां हें शाळा चुकविण्याचें निमित्त आहे असा घरानें निकाल दिला. तीन आठवडे तो रडतच शाळेंत गेला. चौथ्या आठवड्यांत आमच्या वहिनी मटार सोलीत बसल्या होत्या. तो शेजारीं दाणे खात होता. त्यांनीं पोटाचें नांवहि काढलें नाहीं. "मंगळवारीं पहिला तास कशाचा असतो रे?" एवढेंच विचारलें. मग हळूहळू बाहेर आलें. त्या दोन दिवशीं पहिल्या तासाला फळ्यावरचा उतारा वहींत उतरवून घ्यावयाचा असे. हा उंचीमुळें शेवटच्या बाकावर. याला फळा दिसत नव्हता. वही कोरी राही, आणि कोऱ्या वहीबद्दल वर्गापुढें उभें राहावें लागे. आपल्याला दिसत नाहीं हें त्याला ठाऊकच नव्हतें. सर्वांना जग असेंच दिसतें असें तो समजत होता. चष्मा लागला, आणि पोटदुखी गेली.

त्या तीन आठवड्यांत त्याला लबाड म्हणणारांत आम्हीहि होतों. चौदा माणसांच्या घरांत मूल एकटें पडत नाहीं, असें आम्ही मोठ्या अभिमानानें सांगत आलों. भरलेलें घर आणि विचारणारें माणूस या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें या वयांत कळलें.

आतां सालेकशाकडे वळूं. तेथील मुलाच्या दारावरची पहिली शिळा म्हणजे भाषा. त्या तालुक्यांत कांहीं घरीं गोंडी बोलतात, पुष्कळ घरीं छत्तीसगढीकडे झुकणारी बोली, पोवारांच्या घरीं पोवारी. आणि पाठ्यपुस्तक पुण्याच्या मराठींत छापलेलें. गोंडी ही द्राविड कुळांतली भाषा. मराठीशीं तिचें रक्ताचें नातें नाहीं. २०११ च्या जनगणनेंत एकोणतीस लाखांहून अधिक लोकांनीं ती आपली मातृभाषा म्हणून नोंदविली. तरी घटनेच्या आठव्या परिशिष्टांत तिला अद्याप स्थान नाहीं. आमच्या स्नेही बाई सांगत होत्या, पहिलींत आलेलें एक मूल दोन महिने अवाक्षर बोललें नाहीं. मंद असावें असा त्यांचाहि समज झाला. एके दिवशीं दुपारीं तें ओठांवरून जीभ फिरवीत बसलेलें पाहून त्यांनीं दुसऱ्या एका मुलीस विचारलें, पाण्याला तुमच्याकडे काय म्हणतात? ती म्हणाली, "येर." बाईंनीं त्या मुलाकडे पाहून तो एक शब्द उच्चारला. तें मूल चमकलें, हंसलें, उठून माठाकडे गेलें. तहान लागली असतां पाणी मागावयाचें कोणत्या शब्दानें हें ज्याला ठाऊक नाहीं, त्याला आपण बेरीज विचारीत होतों, असें बाई म्हणाल्या. त्या वर्षीं त्यांनीं मुलांपासून शेंदोनशें शब्द शिकून घेतले. मुलांना बाईंच्या चुकांची फार मौज वाटे. आणि बाईहि चुकतात हें पाहून तीं स्वतः चुकावयास भिईनाशीं झालीं.

येथें शिक्षकांविषयीं चार शब्द न्यायाचे लिहिले पाहिजेत. दूरच्या जिल्ह्यांतून बदली होऊन आलेला तरुण शिक्षक त्या गांवीं स्वतःच परका असतो. त्याला ती भाषा कोणीं शिकविलेली नसते, आणि कागद भरण्यांत त्याचा निम्मा दिवस जातो. मुलांचें स्वास्थ्य पाहा असें त्याला सांगावयाचें, आणि त्याच्या स्वास्थ्याची वास्तपुस्त कोणींच करावयाची नाहीं, हा न्याय नव्हे.

दुसरी शिळा भुकेची. ही आपल्या देशानें पुष्कळशी हलविली आहे, हें आनंदानें कबूल केलें पाहिजे. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं शाळांतील पोषण आहाराची देशव्यापी योजना निघाली. आरंभीं पुष्कळ प्रांतांत मुलांस कोरडें धान्यच घरीं नेण्यास मिळे. २८ नोव्हेंबर १९९१ नव्हे, तर त्यानंतर दहा वर्षांनीं म्हणजे २८ नोव्हेंबर २००१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें शिजवलेलें अन्न देण्याचा हुकूम केला, तेव्हां शाळाशाळांतून चुली पेटल्या. आज पांचवीपर्यंतच्या मुलास रोजीं शंभर ग्रॅम धान्याचें, ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिनें देणारें जेवण मिळावें, आणि सहावी ते आठवीच्या मुलास दीडशें ग्रॅमचें, ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिनांचें, असें प्रमाण ठरलेलें आहे. रोवणीच्या दिवसांत आईबाप पहांटेच चिखलांत उतरतात. त्या दिवसांत हें दुपारचें ताट कित्येक मुलांचें पहिलें ताट असतें. आमच्या वाचक भगिनींपैकीं कोणी खिचडीच्या योजनेस नाकें मुरडीत असतील, तर त्यांनीं आपल्या घरच्या मुलाला एक दिवस न्याहारीवांचून भूगोल वाचावयास बसवून पाहावें.

तिसरी शिळा डोळ्यांस दिसत नाहीं. पूर्व विदर्भांत, विशेषतः आदिवासी समाजांत आणि तसाच इतर कांहीं समाजांतहि, सिकलसेल नांवाचा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो. भारतांत तो प्रथम १९५२ सालीं निलगिरीच्या आदिवासींत आढळला. रक्तांतील तांबड्या पेशी एरव्हीं वाटोळ्या. या विकारांत त्या विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हातापायांत असह्य कळा येतात. अंगांत रक्त कमी, म्हणून थकवा कायमचा. थंडी, अतिश्रम, पाणी कमी पिणें यांनीं कळा उठतात. आतां असें मूल वर्गांत कसें दिसेल याची कल्पना करा. तें पेंगतें, खेळांत मागें राहतें, महिन्यांतून चार-पांच दिवस येत नाहीं, आणि आलें कीं मागचें कांहीं आठवत नाहीं. यास आपण बिनदिक्कत "आळशी" म्हणतों. थंडीच्या पहांटे त्याला मैदानाला दोन फेऱ्या अधिक मारावयास लावणें ही शिस्त नव्हे, इजा आहे. त्याला हवें असतें तें थोडेंच: वर्गांत पाण्याची बाटली जवळ ठेवण्याची मुभा, ऊबदार कपडा, बुडलेला अभ्यास भरून घेणारें कोणी, आणि डॉक्टरांचें औषध वेळच्या वेळीं. रक्ताच्या एका थेंबावर प्राथमिक चांचणी होते. आईबाप दोघेहि केवळ वाहक असले तर प्रत्येक अपत्यास हा आजार होण्याचा संभव चारांत एक असतो. म्हणून चांचणी लग्नापूर्वीं झालेली बरी. १ जुलै २०२३ रोजीं या विकाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली असून चाळीस वर्षांच्या आंतील सात कोटि लोकांची तपासणी तींत योजिली आहे.

सर्वांत जड शिळेविषयीं लिहितांना आमचा हात जरा थबकतो. महाराष्ट्रांत आदिवासी मुलांसाठीं सुमारें पांचशें शासकीय आणि त्याहून कांहीं अधिक अनुदानित आश्रमशाळा आहेत. मूल तेथेंच राहतें, जेवतें, शिकतें. ठक्करबाप्पांनीं १९२२ सालीं दाहोद येथें भिल्ल सेवा मंडळ काढलें, त्या परंपरेंतून ही कल्पना वाढली. आणि ज्या पाड्याला शाळाच नाहीं तेथल्या मुलास तिच्यावांचून दुसरा मार्गहि पुष्कळदां नसतो. तिची निंदा आम्ही करणार नाहीं. पण सहा वर्षांचें मूल आईच्या कुशींतून उठून शंभर मुलांच्या दालनांत निजावयास जातें, याचा अर्थ काय, हें एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आम्हां लोकांस सांगावें लागूं नये. आमच्याकडे रात्रीं मूल दचकून उठलें तर आई नसली तर आजी, आजी नसली तर आत्या. तेथें एक अधीक्षक आणि एक अधीक्षिका. बाई सांगत होत्या कीं, पावसाच्या रात्रीं वीज कडाडली कीं एका गांवचीं मुलें आपापलीं अंथरुणें ओढून एकमेकांस खेटून निजत. पूर्वीं त्यांना रांग मोडल्याबद्दल रागें भरत. पुढें एका समजूतदार अधीक्षिकेनें एका गांवच्या मुलांच्या जागाच शेजारीं दिल्या, आणि मोठ्या मुलींकडे दोन दोन धाकटीं सोंपविलीं. त्याला ना पैसा लागला, ना परवानगी. सकाळच्या वर्गांत पेंगणारीं डोकीं कमी झालीं, असें बाईंचें म्हणणें. आणि दिवाळीच्या सुटीनंतर परत येतांना बसच्या दांडीला घट्ट धरून रडणारीं मुलेंहि.

असल्या गोष्टी मऊपणाच्या आहेत, अभ्यासाशीं त्यांचा काय संबंध, असें म्हणणाऱ्यांसाठीं एक आंकडा देतों. २०११ सालीं अमेरिकेंत जोसेफ डर्लाक व त्यांचे सहकारी यांनीं अशा २१३ शालेय उपक्रमांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, ज्यांत मुलांना आपल्या भावना ओळखणें, आवरणें, इतरांशीं नीट वागणें हें शिकविलें जात होतें. मुलें दोन लक्ष सत्तर हजारांवर. अशा मुलांची अभ्यासांतील प्रगति इतरांच्या मानानें शेंकडा अकरा स्थानांनीं वर सरकलेली दिसली. म्हणजे शंभरांत पन्नासावें असणारें मूल एकसष्टाच्या जागीं आलें. यांतील बहुतेक शाळा अमेरिकेंतील. त्यांचें माप जसेंच्या तसें सालेकशास लावावें असें आम्ही म्हणत नाहीं. पण वेळ मनासाठीं दिला तर तो अभ्यासांतून वजा होतो, ही समजूत मात्र त्यानें खोटी पडते.

कायद्यानें तर हें केव्हांच मान्य केलें आहे. १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्याचें सतरावें कलम शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई करतें. एकोणतिसावें कलम म्हणतें कीं, शिक्षण शक्य तोंवर मातृभाषेंत असावें आणि मूल भय व चिंता यांपासून मुक्त असावें. या दोन गोष्टी कायदा करणारांनीं एकाच कलमांत शेजारीं शेजारीं घातल्या आहेत, हें आम्हांस फार मार्मिक वाटतें. माठापाशीं गेलेल्या त्या मुलानें दुसरें काय सांगितलें?

आणि कायद्याच्याहि कितीतरी आधीं हें करून दाखविणाऱ्या दोघी आपल्याच घरांतल्या होत्या. १९४५ सालीं ताराबाई मोडक यांनीं बोर्डी येथें ग्राम बालशिक्षणाचें काम मांडलें आणि अनुताई वाघ त्यांस जाऊन मिळाल्या. तेराव्या वर्षीं लग्न आणि कांहीं महिन्यांतच वैधव्य आलेल्या अनुताईंना, कोंडून ठेवणारी शिळा काय असते हें पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें. पाड्यावरचीं मुलें बालवाडींत येत ना, तेव्हां यांनीं बालवाडीच त्यांच्या अंगणांत नेली. पुढें कोसबाडला वारली मुलें गुरें राखावयास जात, म्हणून शाळाच कुरणांत गेली. मुलांना न्हाऊं घालणें, नखें काढणें, केंस विंचरणें हें सर्व शिकवण्याचाच भाग होतें. पुण्याच्या कांहीं सुशिक्षित मंडळींस त्या काळीं हें आयाबायांचें काम वाटलें असल्यास नवल नाहीं; आमच्याहि आजोळीं तसें बोललेलें आम्हीं ऐकलें आहे.

आमच्या वाचकांच्या घरांतून आज शिक्षक, डॉक्टर, अधिकारी होऊन तरुण मुलेंमुली अशा तालुक्यांत जातात. जातांना आई डब्यांत लाडू देते, वडील सांभाळून राहा म्हणतात. त्यांनीं तेथल्या भाषेंतले पहिले दहा शब्द गेल्या गेल्या शिकावे, असेंहि त्यांना कोणीं तरी सांगावें. जे येथेंच आहेत त्यांना आपल्या मुलाच्या शाळेंत पुष्कळ करतां येईल. कायद्याप्रमाणें सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात. त्या सभेंत रंगकाम आणि स्नेहसंमेलन यांपलीकडे एखादा प्रश्न कोणीं विचारीत नाहीं असा आमचा अनुभव आहे. वर्षारंभीं सर्व मुलांचे डोळे व कान तपासले का, एवढा एक जरी विचारला तरी आमच्या नातवासारखीं कित्येक मुलें तीन आठवडे रडण्यांतून सुटतील.

तो आतां पहिल्या बाकावर बसतो. परवां त्यानें आम्हांस विचारलें, "आजोबा, तुम्हांला लहानपणीं फळा दिसत होता का?" आम्हीं त्याला भिंतीवरच्या भेगेची गोष्ट सांगितली. त्यानें ती फार लक्ष देऊन ऐकली, आणि मग एकोणतिसाचा पाढा आम्हांस म्हणावयास लावला. सत्त्याऐंशींनंतर आम्ही अडखळलों.

वाचकांनीं आपापल्या घरचे असे अनुभव अवश्य कळवावे. मुलांचीं व शाळांचीं नांवें घालूं नयेत. पुढील अंकीं मुलांच्या झोंपेविषयीं लिहूं.